रुद्रप्पाच्या फळीवरचा भाव

गुरुबसप्पा उंबरजेला या व्यवहारात बरोबर दहा हजार रुपये सुटणार होते, आणि ते सुटण्याआधीच कुठे जाऊन बसणार हेही ठरलेलं होतं. सोलापूरच्या चाटी गल्लीत त्याच्या सुताच्या दुकानाला लागून एक गाळा होता. गाळ्याचा म्हातारा मालक मुलाकडे पुण्याला कायमचा निघालेला. वीस हजार मागत होता आणि त्यात एक पैसा कमी करायला तयार नव्हता. गुरुबसप्पाजवळ दहा होते. दहाचे वीस झाले की मधली भिंत फोडायची, दोन्ही दुकानांवर मिळून एकच पाटी लावायची. पाटीवरची अक्षरं केवढी असावीत हेसुद्धा त्याने मनातल्या मनात रंगाऱ्याला सांगून टाकलं होतं.

आता दहाचे वीस करणारी वस्तू कुठली, तर कंपनीचा कागद.

साल त्र्याहत्तर. कलशेट्ट्यांच्या शिवपुत्रने अक्कलकोट रोडला, नव्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेलचा कारखाना काढायचं ठरवलं होतं. कंपनीचं नाव भीमातीर टॉवेल्स लिमिटेड. शेअर दहा रुपयांचा. पाच रुपये आता भरायचे आणि उरलेले पाच कंपनीने मागितले की द्यायचे. शंभर शेअरांचं एक सर्टिफिकेट, म्हणजे एक कागद. शेअर, सर्टिफिकेट, भागधारक हे शब्द शिवपुत्रच्या तोंडी होते. गल्लीने पहिल्या दिवसापासून सगळ्यालाच 'कागद' म्हटलं. शिवपुत्र घरोघर फिरला, आणि गुरुबसप्पाच्या गादीवर बसून त्याने सांगितलं, "काका, वर्ष-दीड वर्षात मुंबईच्या शेअरबाजाराच्या यादीत आपलं नाव लागणार. तिथं एकदा भाव फुटला की आपल्या हातात नाही राहत."

गुरुबसप्पाने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. तो सगळ्यांकडेच नीट पाहून घेत असे. नोट दिली तर उजेडाकडे धरायचा, प्रसाद दिला तर आधी हुंगायचा. गल्लीत त्याच्याबद्दल असं म्हणत की जावयाला जेवायला वाढतानासुद्धा हा डाव मोजतो. पण शिवपुत्रच्या घराण्याची चौकशी त्याने केली, जागेचे पट्टे पाहिले, माग कुठल्या कंपनीचे येणार तेही विचारलं, आणि दहा हजारांचे वीस कागद घेतले. उरलेल्या पाच रुपयांचं काय, हे त्याने विचारलं नाही. त्याचा त्याला विचारच करायचा नव्हता, कारण ते पाच रुपये मागायची वेळ येईल तेव्हा कागद त्याच्याजवळ असणार नव्हते.

मुंबईचं नाव लागायला अवकाश होता. तोवर कागद विकायचे कुठे आणि घ्यायचे कुठे? तर रुद्रप्पाच्या फळीवर.

रुद्रप्पाचं रंगाचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच. निळा, किरमिजी, हळद्या अशा रंगांचे डबे मागे, पुढे एक लांब सागवानी फळी, आणि त्या फळीवर पूर्वी फक्त रंगाच्या पुड्या बांधल्या जायच्या. आता फळीच्या कोपऱ्यात एक पाटी उभी राहिली. तिच्यावर रुद्रप्पा सकाळी खडूने भाव लिही: सहा, साडेसहा, पावणेसात. विकणारा येऊन कागद ठेवून जाई, घेणारा येऊन पैसे ठेवून जाई. दोघांची गाठ पडत नसे. दोघांकडूनही शेअरमागे चार आणे दलाली. कुणी विकला, कुणी घेतला हे रुद्रप्पा सांगत नसे. त्याच्या बोटांना कायम नीळ लागलेली असायची, त्यामुळे त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यावर निळा अंगठा उठलेला असे. मुंबईचा शिक्का नव्हता, पण गल्लीला हा पुरत होता.

हा सगळा बाजार एका जुन्या सवयीवर उभा होता, ती आधी सांगितली पाहिजे. गल्लीत सुताचा व्यापार चिठ्ठीवर चाले. गिरणीकडून सुताच्या गासड्यांची चिठ्ठी पहिल्या व्यापाऱ्याच्या नावाने निघे. तो मागे सही करून ती दुसऱ्याला विके, दुसरा तिसऱ्याला. चार-पाच हात फिरून ज्याच्याकडे चिठ्ठी राही तो गाडी घेऊन गोदामावर जाई आणि माल उचले. चिठ्ठीवरचं नाव बदलायला कुणी गिरणीत जात नसे. बापजाद्यांपासून असंच चाललेलं. एकदा मागे सही करून चिठ्ठी दिली की आपण सुटलो.

कंपनीच्या कागदालाही गल्लीने तेच केलं. कागदासोबत नाव बदलण्याचा एक फॉर्म असे. विकणारा त्याच्यावर सही करी, घेणाऱ्याची जागा मोकळी ठेवी, आणि सही केलेला कोरा फॉर्म टाचणीने कागदाला अडकवून जोडी पुढे जाई. फॉर्मवर सरकारी तारखेचा शिक्का असायचा आणि त्या तारखेपासून दोन महिन्यांत तो कंपनीत नेऊन द्यायचा, असं खाली बारीक इंग्रजीत छापलेलं होतं. बारीक इंग्रजी वाचायची गल्लीला गरज वाटली नाही. सूत कुठे इंग्रजी वाचून विकलं होतं?

वाचायची गरज वाटली नाही, कारण सगळे दुसरीकडे पाहण्यात गुंतले होते. ज्याच्याकडे कागद होते त्या प्रत्येकाची खात्री होती की शिवपुत्र पैसे खातो आहे. फक्त कसे खातो ते सापडत नव्हतं. तो सायकलवर फिरायचा तेव्हा म्हणत, एवढा कारखानदार आणि सायकल? कुठंतरी दडवतोय. मग कामासाठी त्याने जुनी स्कूटर घेतली, तेव्हा म्हणाले, निघाली बाहेर. माग आले तेव्हा दोघे-तिघे टांगा करून मोजायला गेले. मोजून बरोबर भरले, तर परत येताना चर्चा अशी की माग खरे आहेत, पण नवे आहेत कशावरून? रुद्रप्पावरही तसाच डोळा. भाव चढला की हा घेतोय, उतरला की हा विकतोय. रुद्रप्पा स्वतः कागद घेत नसे. ते तर सगळ्यांत संशयास्पद.

या संशयाच्या दिवसांत एकच माणूस गल्लीने हसण्यावारी नेला, तो धोंडिराम. रेल्वेच्या कचेरीत कारकून, बुधवार पेठेत राहायचा. बोनसचे पैसे घेऊन आला आणि सव्वानऊच्या भावाने एक कागद घेतला, दलालीसकट साडेनऊशे. कागद हातात घेऊन तो तिथेच फॉर्म भरायला बसला. रुद्रप्पा म्हणाला, अहो साहेब, राहू द्या कोरा, विकताना बरा पडतो. धोंडिराम म्हणाला, त्याला विकायचा नव्हता. कंपनीची वार्षिक सभा असते, तिचं बोलावणं पोस्टाने ज्याच्या त्याच्या नावाने येतं, ते त्याला आपल्या नावाने यायला हवं होतं. सभेत खुर्चीवर बसून एक प्रश्न विचारायचा होता. कुठला ते ठरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो अक्कलकोट रोडला गेला आणि नाव लावून आला. तो कागद मुळात गुरुबसप्पाचा होता. गुरुबसप्पाने हे ऐकलं तेव्हा पान थुंकून एवढंच म्हटलं, "रेल्वेचा मानूस. ह्याला तिकिटाबिगर बसायला भ्या वाटतंय."

म्हणजे गुरुबसप्पाने विकायला सुरुवात केली होती. पहिले दहा कागद सव्वानऊने दिले. दलाली जाऊन नऊ हजार हातात आले. ही गोष्ट त्याला आणि रुद्रप्पाला सोडून गल्लीत कुणालाही माहीत नव्हती; कागदावरचं नाव इंग्रजीत, ते गल्ली वाचत नव्हती, आणि वाचणारा धोंडिराम गल्लीतला नव्हता. गुरुबसप्पा विकतोय असं कळलं असतं तर गल्लीने दुसऱ्या दिवशी निम्मे कागद फळीवर आणून टाकले असते, कारण एवढा संशयी माणूस बाहेर पडतोय म्हटल्यावर आत राहणार कोण? म्हणून तो चारचौघांत कागद घेण्याचीच भाषा करी. रुद्रप्पाच्या दुकानासमोर उभा राहून मोठ्याने भाव विचारी आणि हळहळून म्हणे, स्वस्तात होता तेव्हा आणखी घ्यायला हवे होते. रुद्रप्पा मान हलवून पुड्या बांधत राही.

उरलेले दहा मात्र त्याला सव्वाअकराने द्यायचे होते. तेव्हाच वीस हजार पुरे होत होते. भाव दहापाशी अडकला होता. नवं गिऱ्हाईक हवं होतं, गल्लीच्या बाहेरचं.

इथे त्याला आपलं घर आठवलं.

गुरुबसप्पाची बायको ईरम्मा अक्कलकोटची. तिचा भाऊ शिवप्पा तिथे भुसार मालाचा व्यापारी. दर सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला म्हणून सोलापुरात यायचा, बहिणीकडे जेवायचा आणि घरात शिजलेलं, बोललेलं सगळं सोबत घेऊन जायचा. याच कारणाने गुरुबसप्पा घरात धंद्याचं अक्षर बोलत नसे. सूत चढलं की उतरलं हे ईरम्माला त्याच्या जेवणावरून ओळखावं लागे. आता पहिल्यांदा त्याला मेहुण्याच्या या गुणाचा उपयोग दिसला. एका रविवारी जेवता जेवता त्याने भाकरी मोडायची थांबवली.

"तुला म्हनून सांगतो, भाईर बोलू नगंस. कंपनीचा कागद दिवाळीला वीसवर जातोय. मुंबईचं नाव लागायलंय."

ईरम्मा तवा उतरवायचा विसरली. एवढ्या वर्षांत नवऱ्याने तिला आपण होऊन सांगितलेली ही पहिली गोष्ट.

"मग तुमचं हायत न्हवं कागद? इकला तर न्हाई?"

"इकायला मी येडा हाय व्हय?" गुरुबसप्पा म्हणाला आणि वरण मागितलं.

मग त्याला वाट पाहावी लागली नाही. सोमवार गेला, आणि त्याच आठवड्यात रुद्रप्पाने त्याला हातानेच खूण करून बोलावलं. सव्वाअकराने गिऱ्हाईक होतं. पाच कागद एकदम. आणि ते गेल्याचं पाहून गल्लीतल्याच दोघा-तिघांनी बाकीचे पाचही त्याच भावाने उचलले.

"कुठलं गिऱ्हाईक बे?" गुरुबसप्पाने विचारलं.

"अक्कलकोटाकडचं. नाव इचारू नको."

गुरुबसप्पाने विचारलं नाही. त्याला ते माहीतच होतं. रुद्रप्पाने पाच कागद त्यांच्या फॉर्मांसकट निळ्या रंगाच्या पुडीच्या जाड कागदात गुंडाळले, सुतळीने दोनदा आवळले आणि गाठ मारली. गुरुबसप्पा ते पाहत उभा होता आणि मनात मेहुण्याची कीव करत होता. पुढच्या सोमवारी शिवप्पा जेवायला आला तेव्हा त्याने आग्रह करकरून त्याला जास्तीची पोळी वाढायला लावली.

वीस हजार पुरे झाले. गाळा झाला. भिंत फोडली. पाटी लागली, आणि अक्षरं ठरवल्यापेक्षा बोटभर मोठीच निघाली. गल्लीला वाटलं, सूत चांगलं विकलं गेलं असावं. मग वाटलं, एवढं? मग संशय आला. पण तोवर उशीर झाला होता, कारण मुंबईहून कंपनीचा अर्ज परत आला होता.

झालं होतं असं. शेअरबाजाराच्या यादीत नाव लावायचं तर मुंबईवाल्यांना आधी पाहायचं असतं की कंपनीचे शेअर किती लोकांच्या हातांत आहेत. त्यांना काही शे तरी माणसं हवी होती. शिवपुत्रने भागधारकांच्या नावांची वही काढली, तर तिच्यात पहिल्या दिवशीची त्रेसष्ट नावं होती, आणि चौसष्टावं धोंडिरामचं. कागद प्रत्यक्षात तीन-चारशे घरांत पोचले होते, विजापूर-गुलबर्ग्यापर्यंत गेले होते, पण वहीला त्याचा पत्ता नव्हता. शिवपुत्र स्वतः रुद्रप्पाच्या फळीपाशी येऊन उभा राहिला आणि हात जोडून सांगू लागला की ज्याच्याजवळ कागद असतील त्याने येऊन नाव लावून घ्यावं, फी कंपनी भरेल, जुने फॉर्म मुदत संपून रद्द झालेत, नवे तो स्वतः आणून देईल, विकणाऱ्यांनी फक्त पुन्हा एकदा सही करावी.

गल्लीने ऐकून घेतलं. कागद आहेत कुणाजवळ हे याला का कळायला हवं? फी स्वतः का भरतोय? वहीत नाव गेलं की ती वही इन्कम टॅक्सवाल्यांच्या टेबलावर जायला किती वेळ? ज्याच्या गोणीत न दाखवलेले पैसे होते त्याने कागद गोणीत आणखी खोल ढकलले, आणि ज्याच्याजवळ तसले पैसे नव्हते तोही सावध झाला, कारण त्याने घाई केली असती तर लोक म्हणाले असते, ह्याच्याजवळ दाखवण्यासारखे पैसे आहेत वाटतं. गुरुबसप्पाला शिवपुत्र दुकानात येऊन भेटला. नव्या मोठ्या दुकानात.

"काका, वीस कागद तुमच्या नावावर होते. एक गेलाय, एकोणीस दिसतात. तुम्ही विकले असतील तर सांगा. घेणाऱ्याला शोधू, नाव बदलून टाकू. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

बाहेर दोन व्यापारी उभे होते. गुरुबसप्पाने त्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं.

"मी कशाला इकतो, बाळ? माझं समदं जागच्या जागी हायत."

या एका वाक्याची किंमत नंतर साडेनऊ हजार निघाली. त्या वेळी ती दिसली नाही. त्या वेळी त्याला वाटलं, पोरगा मी विकल्याची बातमी बाहेर काढायला आलाय.

वही चौसष्टावरच राहिली. मुंबईने अर्ज परत केला. पाटीवर अकराचे आठ झाले, आठचे चार झाले, आणि एके सकाळी रुद्रप्पाने पाटी पुसून तिच्यावर रंगाचे भाव लिहिले. यादीत नाव लागणार म्हणून बँकेने दिलेला हात बँकेने मागे घेतला. त्यातच वीजकपात आली. आठवड्यातले निम्मे दिवस माग बंद. सुताचे भाव कडाडले होते, टॉवेलचे नव्हते. शिवपुत्रने वर्षभर तग धरली. मग कारखान्याला कुलूप लागलं, बँकेने माग नेले, आणि कोर्टाने कंपनीचा हिशेब मिटवायला एक लिक्विडेटर नेमला.

लिक्विडेटर आला त्या दिवशी गल्ली खूश होती. आता सापडणार. त्याने आणि त्याच्या माणसांनी सगळं तपासलं आणि शिवपुत्रने एक रुपया इकडचा तिकडे केलेला नाही असा निकाल दिला. त्याचे स्वतःचे शेअर तर पहिल्या दिवसापासून पुरे दहा रुपये भरलेले होते. गल्लीची फार निराशा झाली. दोन वर्षं ज्याच्यावर नजर ठेवली तो चोर नाही म्हटल्यावर आपण नक्की कशावर नजर ठेवली होती हे कुणाला सांगता येईना. शिवपुत्र घराचा आपला वाटा भावांना विकून, देणी देऊन, इचलकरंजीला कुठल्याशा सूतगिरणीत नोकरीला निघून गेला.

आणि मग नोटिसा आल्या. बँकेचं देणं अजून फिटलं नव्हतं. शेअरमागे न भरलेले पाच रुपये वहीत ज्याचं नाव असेल त्याने भरावेत. गुरुबसप्पाच्या नावावर एकोणीस कागद. साडेनऊ हजार.

तो नोटीस घेऊन आधी हसत वकिलाकडे गेला. कागद त्याने केव्हाच विकलेत, चूक झालीय. वकिलाने विचारलं, विकल्याची नोंद? गुरुबसप्पाने चिठ्ठीची पद्धत समजावून सांगितली. वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की सुताच्या चिठ्ठीच्या मागे गासडी असते, ती उचलली की संपलं. शेअरच्या मागे पाच रुपयांचं देणं होतं, आणि देण्याला नाव लागतं. तुमच्याकडून कागद घेऊन आज जो बाळगून असेल त्याला शोधा. त्याच्याकडून भरपाई मागता येईल. पण कोर्टाला मात्र तुम्हीच भरा.

गुरुबसप्पा रुद्रप्पाच्या फळीपाशी गेला. शब्दाने शब्द वाढला, शेवटी रुद्रप्पाने नावं सांगितली. आता सांगण्यात त्याचं काही जाणार नव्हतं. गुरुबसप्पा दारोदार फिरला. सव्वाअकराला कागद घेतला म्हणून ज्याने चौकात पेढे वाटले होते तो म्हणाला, कागद? कसला कागद? दुसऱ्याने गुलबर्ग्याच्या कुणा परक्याचं नाव सांगितलं, तिसऱ्याने तेच नाव वेगळ्या गावचं म्हणून सांगितलं. कुणाच्याच नावावर नसलेला कागद कुणीच घेतलेला नव्हता. त्यांच्यावर रागावताही येईना; त्यांच्या जागी त्याने हेच केलं असतं.

मेहुणा राहिला. पाच कागद, अडीच हजार. गुरुबसप्पा एसटीने अक्कलकोटला गेला आणि शिवप्पाच्या भुसाराच्या दुकानात पोत्यावर बसून आडून आडून विषय काढू लागला. शिवप्पाने त्याला फार वेळ बसवलं नाही.

"व्हय भावजी, रुद्रप्पाकडनं पाच कागद मीच आणले," तो सरळ म्हणाला.

इतक्या दारांतून पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणत होतं. गुरुबसप्पाला त्याचाच संशय आला.

"मग अडीच हजार तुमच्याकडं निघत्यात, शिवप्पा."

"माझ्याकडं कशाला? मी नुसता हमाल. पुडकं उचललं आन् ज्याचं त्याला दिलं."

"कुणाला दिलं?"

शिवप्पाने तागडीतलं वजन काढून बाजूला ठेवलं. "घरी जावा. अक्काला इचारा."

घरी ईरम्मा ज्वारी पाखडत बसली होती. त्याने विचारलं तशी ती उठली, आतली पत्र्याची पेटी उघडली आणि इरकली लुगड्याच्या घडीखालून पुडकं काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. निळा कागद, सुतळीचे दोन आवळे, रुद्रप्पाची गाठ. सुटलेली नव्हती. कारखाना बुडाल्याचं तिला गल्लीतून कळलं होतं; नवऱ्याने सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. तिला वाटत होतं, दोघांचेही बुडाले.

गुरुबसप्पाने गाठ सोडली. पाच कागद. पाचांवरही त्याचंच नाव, मागे त्याचीच सही, कोपऱ्यावर निळा अंगठा.

"पैसं कुठनं आणलंस?"

"माझ्या अव्वानं जाताना सोनं दिलं हुतं न्हवं, शिवप्पाकडं ठिवलेलं. त्ये मोडलं."

"माझ्या म्होरं बोलायचं न्हाई?"

"तुमी बोलताय व्हय?" ईरम्मा म्हणाली. मग, आवाज न चढवता, "योकदा बोलला. म्हनला वीस व्हतंय, मी इकायला येडा हाय व्हय. मला वाटलं, एवढा मानूस, कुनावर इस्वास ठिवत न्हाई, आन् मला सांगाय लागलाय. गाळ्याला कमी पडत्याल तर दिवाळीला आपून बी चार पैसं घालावं म्हनलं. तुमच्या नावाची पाटी व्हनार, खाली माझं बी काय तर असू दे."

तिने कागदांकडे पाहिलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याची सही ओळखू येत होती. किराण्याच्या वहीत महिन्याला एक बघत होती. एकेक कागद उलटून तिने पाचही सह्या पाहिल्या.

"म्हंजे त्या दिवशी तुमी इकतच हुता," ती म्हणाली, आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला बसली.

महिन्याच्या आत पैसे भरायचे होते. सूत उधारीत अडकलेलं, हातात रोकड नाही. गाळा विकायला काढला. घाईचा विकणारा म्हटल्यावर भाव कोण देणार? पंधरा हजारांना रुद्रप्पाने घेतला. फोडलेली भिंत पुन्हा बांधायचा खर्च निम्मा-निम्मा करू म्हणाला, आणि केलाही. पाटीवरची निम्मी अक्षरं त्याच्या भागात गेली होती, ती त्याने पुसून आपल्या रंगाचं नाव घातलं. त्याने हे सगळं आधीच जुळवलं होतं असं गल्ली आजही म्हणते. दोन्हीकडचं गिऱ्हाईक कोण आहे हे त्याला माहीत होतं एवढं खरं. पण नाव न सांगणं हाच तर त्याचा धंदा होता, आणि ज्यांना तो आवडत होता त्यांत गुरुबसप्पा पहिला होता.

आता कुणी किती भरले ते पाहू. रुद्रप्पाने काही भरलं नाही. दलाली मिळवली आणि पाच हजार कमी देऊन गाळा मिळवला. धोंडिरामचे कागदाला साडेनऊशे गेले, वर पाचशे पगारातून हप्त्याने दिले, साडेचौदाशे. नाव लावलं नसतं तर पाचशे वाचले असते, पण सभेचं बोलावणं एकदा त्याच्या नावाने आलं होतं आणि तो जाऊन बसला होता. शिवपुत्रचं घर गेलं. गुरुबसप्पाने कागदांत दहा हजार घातले, वीस काढले, साडेनऊ भरले. म्हणजे नुसत्या कागदांत त्याला पाचशे सुटले, आणि ते तो मान्य करतो. गाळ्यात पाच हजार गेले. ईरम्माच्या पाच कागदांचे, दलालीसकट, पावणेसहा हजार गेले. त्यांची भरपाई वकिलाच्या म्हणण्याप्रमाणे तिनेच नवऱ्याला द्यायची होती, ती त्याने मागितली नाही. सगळं धरून घराचे सव्वादहा हजार. त्यातले पावणेसहा तिचे.